कारागिराचीं हत्यारें व मालकाचें कुलूप

कोणत्याहि कलेचा इतिहास लिहूं लागलें म्हणजे दृष्टि प्रथम जाते ती तयार कृतीकडे. ती कृति ज्या हत्यारांनीं घडली त्यांची विचारपूस क्वचितच होते. देवळाचें वर्णन करणारास शिखर दिसतें. पाथरवटाची छिन्नी कोणाच्या मालकीची होती, ती त्याच्या हातीं कोणत्या अटीवर आली व काम संपल्यावर त्यास ती परत करावी लागली कीं काय, हे प्रश्न त्याला सुचत नाहींत. इतिहासाचें अध्यापन करण्यांत आमचीं पंचवीसांहून अधिक वर्षें गेलीं. तथापि आम्हांसहि ते फारसे सुचले नव्हते हें कबूल केलें पाहिजे. ते सुचले ते एका अगदीं अनपेक्षित ठिकाणीं, दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खेळावयाच्या एका जुन्या यंत्रापुढें.

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमचा पुतण्या घरीं आला तो एक करड्या रंगाची चपटी पेटी घेऊन. तो संगणकाच्या धंद्यांत आहे. पेटी म्हणजे सोनी कंपनीचें पहिलें प्लेस्टेशन होतें. जपानांत ३ डिसेंबर १९९४ रोजीं विक्रीस निघालेलें व दुकानांतून केव्हांच नाहींसें झालेलें. एवढा मोठा झाला तरी याचें खेळण्याचें वेड जात नाहीं, असें आम्हीं म्हणतांच तो हंसून म्हणाला, "काका, मला यावर खेळावयाचें नाहीं; याच्यासाठीं खेळ लिहावयाचा आहे." पुढचे चार दिवस त्याची जी धडपड चालली ती पाहतां पाहतां आमच्या ध्यानांत आलें कीं, या यंत्राचा खरा इतिहास त्यावर खेळणारांचा नाहीं. त्यासाठीं खेळ रचण्याची परवानगी कोणास मिळाली व कोणास मिळाली नाहीं, याचा तो इतिहास आहे. त्यानंतर या विषयावर आम्हीं जें वाचलें त्यांतील कांहीं भाग येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम एक खुलासा. असलें खेळयंत्र, ज्यास कन्सोल म्हणतात, हा वास्तविक एक संगणकच होय. परंतु तो बहिरा संगणक आहे. त्यास कळफलक नाहीं, मालकानें लिहिलेली आज्ञा त्याच्या कानीं घालण्याची सोय नाहीं. कंपनीनें मान्य केलेली चकती आंत घातली तरच तो हालचाल करतो. म्हणून त्याच्यासाठीं खेळ रचणारास दुसरा, ऐकता संगणक लागतो. त्यावर आज्ञा लिहावयाच्या, त्या कन्सोलला कळणाऱ्या भाषेंत उतरवावयाच्या, तारेवाटे त्याच्याकडे पाठवावयाच्या आणि चूक कोठें झाली हें त्याजकडून काढून घ्यावयाचें. हें सारें ज्या सामग्रीनें साधतें तिला डेव्हलपमेंट किट असें नांव आहे. तींत कांहीं सर्किट बोर्ड, भाषांतर करणारा कंपायलर, तयार आज्ञांची लायब्ररी, दोष हुडकणारा डीबगर व जाडजूड पुस्तकें असतात. सर्वांत वजनदार वस्तु मात्र कागदाची असते. ती म्हणजे कंपनीशीं करावयाचा करार.

आरंभीं असा करार नव्हता. अमेरिकेंतील अटारी कंपनीनें १९७७ सालीं जें यंत्र काढलें व जें पुढें '२६००' या आंकड्यानें ओळखलें जाऊं लागलें, त्याची स्मरणशक्ति अवघी १२८ बाइट होती. हल्लींच्या संगणकी पद्धतीनें देवनागरींत लिहिलेलें हें एक वाक्यहि तींत मावलें नसतें. पडद्यावरील चित्राची एकेक ओळ विजेचा किरण ज्या क्षणीं ओढीत असे, त्याच क्षणीं ती कशी दिसावी हें प्रोग्रॅमरनें सांगावयाचें, इतकें तें काम नाजूक. पण दाराला कुलूप नव्हतें. ज्यास कळलें त्यानें करावें. १९७९ सालीं डेव्हिड क्रेन, ॲलन मिलर, लॅरी कॅप्लन व बॉब व्हाइटहेड हे चौघे प्रोग्रॅमर अटारीबाहेर पडले. त्यांच्या खेळांवर कंपनी मनस्वी पैसा मिळवी, परंतु खेळावर त्यांचें नांव घालीत नसे आणि नफ्याचा वांटाहि देत नसे. जिम लेव्ही यांस बरोबर घेऊन त्यांनीं ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढली व अटारीच्याच यंत्रासाठीं बाहेरून खेळ विकण्यास प्रारंभ केला. अटारीनें दावा लावला. तो १९८२ सालीं तडजोडीनें मिटला. पैशाची गोष्ट सोडली तरी कर्त्याचें नांव कृतीवर असावें ही जी त्यांची मागणी, ती मासिकांतून लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांस तरी परकी वाटूं नये.

उघड्या दाराचा पुढें परिणाम काय झाला तेंहि सांगितलें पाहिजे. ज्यास त्यास खेळ काढावासा वाटला, दुकानें रद्दी मालानें भरलीं आणि १९८३ सालीं अमेरिकेंतील हा धंदा कोसळला. त्या वर्षीं अटारीनें न खपलेला माल, कार्ट्रिजेसचे ढीगच्या ढीग, न्यू मेक्सिकोंतील ॲलमगोर्डो गांवाजवळ खड्ड्यांत पुरला, व २०१४ सालीं त्यांतील कांहीं भाग उकरून काढण्यांत आला. इतिहासाच्या अध्यापकास याहून चांगलें उत्खनन कोठून मिळणार! परवाना नसलेल्या उपटसुंभांनीं बाजार बुडविला असें पुढें वारंवार सांगण्यांत आलें, व तें कांहीं अंशीं खरेंहि आहे. पण खड्ड्यांतून जें वर आलें तो माल खुद्द अटारीचा होता, हें विसरून चालणार नाहीं.

निंटेंडो या जपानी कंपनीनें १९८५ सालीं आपलें यंत्र अमेरिकेंत आणलें तें या बोधानंतर, आणि म्हणून कुलूप लावूनच. यंत्रांत एक चिप व खेळाच्या कार्ट्रिजमध्यें तिची जोडीदार. दोघींचें सांकेतिक बोलणें जुळलें तरच खेळ सुरू होई. बाहेरच्या कंपनीस परवाना घ्यावा लागे, वर्षास पांचांहून अधिक खेळ काढतां येत नसत, व तोच खेळ दोन वर्षेंपर्यंत दुसऱ्याच्या यंत्रासाठीं देतां येत नसे. टेंजेन नांवाच्या कंपनीच्या चालकांनीं त्या चिपेच्या प्रोग्रॅमची प्रत अमेरिकेच्या कॉपीराइट कचेरींतून खोटी सबब सांगून मिळविली. १९९२ सालीं अपील न्यायालयाचा निकाल निंटेंडोच्या बाजूनें गेला. त्याच वर्षीं सेगा व ॲकोलेड यांच्या खटल्यांत दुसऱ्या एका अपील न्यायालयानें ठरविलें कीं, यंत्राशीं जुळेल असा स्वतंत्र खेळ करण्यास दुसरा मार्ग नसेल, तर विकत घेतलेल्या खेळाची उकल करून पाहणें हा न्याय्य उपयोग होय. हे दोन निर्णय वरवर पाहणारास परस्परविरुद्ध वाटतील. वस्तुतः तसे ते नाहींत. कुलुपाची घडण पाहून स्वतः किल्ली घडविण्यास हरकत नाहीं; खोटें बोलून मालकाची किल्ली मिळविण्यास आहे.

अशा काळांत सोनी या धंद्यांत उतरली. प्लेस्टेशनसाठीं खेळ रचावयाचे ते सोनीच्याच 'न्यूज' नांवाच्या महागड्या वर्कस्टेशनांवर, असा मूळचा बेत होता. लिव्हरपूलची सायग्नोसिस ही कंपनी सोनीनें १९९३ सालीं विकत घेतली होती. तेथील मंडळींस हा बेत पसंत पडला नाहीं. अँडी बेव्हरिज व मार्टिन डे या दोघां ब्रिटिश प्रोग्रॅमरांची एस. एन. सिस्टिम्स नांवाची लहानशी कंपनी असलीच सामग्री बनवीत असे. त्यांस सायग्नोसिसनें पुढें केलें. जानेवारी १९९४ मध्यें लास व्हेगस येथील प्रदर्शनाच्या वेळीं या दोघांनीं सोनीच्या जपानी अधिकाऱ्यांपुढें आपला नमुना मांडला. एक साधा पीसी व त्यांत बसविलेलीं दोन कार्डें, एवढाच तो पसारा. सोनीनें आपल्या वर्कस्टेशनांचा बेत सोडून दिला व सहाशेंहून अधिक संचांची मागणी नोंदविली. मोठी कंपनी आपल्या घरचें यंत्र बाजूस सारून परक्या दोघांचें स्वीकारते, ही गोष्ट सामान्य नव्हे. यांत आणखी एक विशेष होता. तोंपर्यंत कन्सोलचे खेळ बहुधा असेंब्ली भाषेंत, म्हणजे यंत्राच्या अगदीं हाडामांसाशीं भिडून, लिहावे लागत. प्लेस्टेशनची लायब्ररी सी भाषेसाठीं होती, व ती भाषा महाविद्यालयांतून शिकविली जात होती. हत्यार स्वस्त झालें आणि त्याची मूठहि ओळखीची झाली.

तथापि ओळखीची मूठ असली म्हणून हात लगेच बसतो असें नाहीं. आमच्या पुतण्यानें पहिल्या दिवशीं मनांत धरलें होतें तें एवढेंच कीं, एक रंगीत त्रिकोण पडद्यावर आणावा. यंत्राच्या चित्रविभागाची स्मृति एक मेगाबाइट आहे. ती १०२४ ठिपके रुंद व ५१२ ठिपके उंच अशा एका मोठ्या कागदासारखी समजावयाची. त्या कागदावर दोन चौकटी आंखावयाच्या. एक लोकांस दिसत असतां दुसरींत पुढचें चित्र काढावयाचें व तें पुरें होतांच दोहोंची अदलाबदल करावयाची. तसें न केल्यास अर्धवट काढलेलें चित्र पाहणाराच्या दृष्टीस पडतें. दुसरी अडचण अपूर्णांकांची. या यंत्राच्या मुख्य प्रोसेसरास पूर्णांकांचेंच गणित येतें. म्हणून एक हा आंकडा ४०९६ असा मानून चालावयाचें व अर्ध्यास २०४८ म्हणावयाचें. आमच्या लहानपणीं ऐकलेल्या आणे-पैच्या हिशेबाची आम्हांस येथें आठवण झाली.

सर्वांत मौजेची गोष्ट जवळ-दूरची. पुढची वस्तु मागच्या वस्तूस झांकते, हें या यंत्राच्या चित्रविभागास ठाऊकच नाहीं. जें शेवटीं काढावें तें वर दिसतें. रंगभूमीचे पडदे रंगविणारा चितारी जसा आधीं आकाश, मग डोंगर, मग झाडें व शेवटीं पुढचें अंगण रंगवितो, तसेंच येथें करावें लागतें. त्याकरितां स्मृतींत एक खणांची रांग मांडून ठेवावयाची. प्रत्येक आकृति तिच्या अंतराप्रमाणें त्या त्या खणांत टाकावयाची व मग अगदीं दूरच्या खणापासून जवळच्या खणापर्यंत चित्रविभागास चालत यावयास सांगावयाचें. एका मोठ्या भिंतीचा एक कोपरा दूर व दुसरा जवळ असला म्हणजे ती कोणत्या खणांत घालावी हा प्रश्न पडतो, व त्याचें पूर्ण समाधानकारक उत्तर नाहीं. त्या काळच्या खेळांतून भिंती मधूनच थरथरतात व एकमेकींतून डोकावतात, ही केवळ हयगय नव्हे. तो यंत्राचा स्वभाव आहे.

हें सारें यथासांग करून पुतण्यानें कळ दाबली आणि पडदा काळाच राहिला. तो काळा पडदा आम्हीं दोघांनीं दुपारभर पाहिला. "यंत्र बिघडलें काय रे?" असें आम्हीं विचारलें. संध्याकाळीं चहाच्या वेळीं तो एकाएकीं कपाळावर हात मारून उठला. "काका, यंत्र उत्तम आहे. त्रिकोणहि केव्हांचा काढून तयार आहे. पडदा उघडावयाची आज्ञाच मी द्यावयाची विसरलों!" यंत्र सुरू होतें तेव्हां चित्र झांकलेलें असतें, तें दाखीव असें त्यास निराळें सांगावें लागतें. नवशिक्यांची ही नेहमींची चूक आहे असें मागाहून कळलें.

अशा नवशिक्यांसाठींच सोनीनें १९९६ सालीं जपानांत एक विलक्षण संच विक्रीस काढला. त्याचें नांव 'नेट यारोझे'. यारोझे या जपानी शब्दाचा अर्थ 'चला, करूं या' असा आहे. किंमत १,२०,००० येन. मूळ प्लेस्टेशन ३९,८०० येनांस निघालें होतें हें लक्षांत घेतां साधारण तिप्पट. पुढच्या वर्षीं तो युरोप व अमेरिकेंत आला. इंग्लंडांत ५५० पौंड व अमेरिकेंत ७५० डॉलर अशी त्याची किंमत होती. सामान्य मनुष्यास ही रक्कम थोडी नव्हे; परंतु व्यावसायिक संच पैसे मोजून देखील त्याच्या हातीं येण्यासारखा नव्हता, कारण त्यासाठीं परवानाधारक कंपनीच असावें लागे. यारोझे टपालानें मागवितां येत असे.

खोक्यांतून निघे तें प्लेस्टेशन करडें नसून काळें. त्याबरोबर काळ्याच रंगाचे दोन कंट्रोलर, एक आरंभाची चकती, सी भाषेच्या सामग्रीची दुसरी चकती, संगणकास जोडावयाची तार, छापील पुस्तकें व मेमरी कार्डाच्या आकाराचें एक प्रवेशपत्र असे. तें कार्ड खांचेंत बसविल्यावांचून व आरंभाची चकती घातल्यावांचून यंत्र संगणकाचें कांहीं ऐकत नसे. मग प्रोग्रॅम तारेवाटे जाई. तारेचा वेग फार झाला तर सेकंदास १,१५,२०० बिट, म्हणजे सुमारें ११,५०० बाइट. एक मेगाबाइट पाठविण्यास दीड मिनिट. एक अक्षर चुकलें कीं तें दुरुस्त करून पुन्हां दीड मिनिट वाट पाहावयाची. घाईच्या स्वभावास असली वाट पाहणें चांगलें वळण लावतें, असें आमचें अध्यापकी मत आहे. पुतण्यास तें मान्य नाहीं.

येथपर्यंत औदार्य दिसतें. आतां कुलूप कोठें होतें तें पाहूं. विकत मिळणाऱ्या प्रत्येक खेळाच्या चकतीवर, आंतल्या कडेस, सोनीची एक गुप्त खूण असे. साध्या यंत्रानें नक्कल केलेल्या चकतीवर ती उमटत नसे व प्लेस्टेशन ती चकती नाकारी. काळ्या यंत्रास कोणत्याहि देशाची चकती चाले. परंतु घरीं उतरविलेली चकती त्यासहि चालत नसे. अर्थात् यारोझेच्या सभासदानें रचलेला खेळ चकतीवर जाऊं शकत नव्हता. प्रोग्रॅम व लायब्ररी हा सारा संसार यंत्राच्या दोन मेगाबाइट मुख्य स्मृतींतच थाटावयाचा, व यंत्र बंद करतांच तो मोडावयाचा. व्यावसायिकांस मिळे ती संपूर्ण लायब्ररीहि या संचांत नव्हती. रचलेला खेळ दाखवावयाचा तो इतर सभासदांस. शेजारच्या मुलाजवळ करडें प्लेस्टेशन असलें तरी त्यास तो देतां येत नसे.

याला आम्ही काय म्हणावें? कांहीं टीकाकार त्यास ढोंग म्हणतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या मुलांस या धंद्याचें दार कधींच दिसलें नसतें त्यांस पुस्तकें मिळालीं, खऱ्या यंत्राचा हात मिळाला, एकमेकांची ओळख झाली. ब्रिटनमधील प्लेस्टेशनच्या अधिकृत मासिकानें आपल्याबरोबरच्या चकत्यांवर निवडक यारोझे खेळ छापले, व तेव्हां ते हजारों घरांत पोंचले. 'डेव्हिल डाइस' हा फांशांचा खेळ, जो शिफ्ट या जपानी मंडळीनें केला व सोनीनें १९९८ सालीं प्रसिद्ध केला, त्याचा जन्म यारोझेंतच झाला. स्कॉटलंडांतील ॲबर्टे विश्वविद्यालयानें संगणकीय खेळांचा पदवीचा अभ्यासक्रम १९९७ सालीं काढला तो याच सुमारास. हें ढोंगाचें फळ नव्हे. पण ज्यास लिहावयास शिकविलें त्यास छापण्याची मनाई, आणि कोणाचें छापावयाचें हें मालकानें ठरवावयाचें, ही व्यवस्था आम्हांस खुपते. बाजारांत रद्दी येऊं नये एवढाच हेतु असता तर घरगुती चकतीवर 'हौशी' असा शिक्का पुरता. खरें कारण प्रत्येक चकतीमागें मिळणाऱ्या परवान्याच्या पैशांत होतें. व तें स्पष्ट सांगण्यांत सोनीस कमीपणा येण्याचें कारण नव्हतें.

या मनाईचा एक परिणाम तिच्या कर्त्यांच्या ध्यानींमनीं नसावा. जो ग्रंथ छापला गेला नाहीं त्याच्या प्रती शंभर ठिकाणीं नसतात. सभासदांचे खेळ त्यांच्या घरच्या संगणकांत व सोनीनें त्यांस दिलेल्या इंटरनेटवरील जागेंत राहिले. संगणक भंगारांत गेले. ती जागा कालांतरानें बंद झाली. मासिकाच्या चकत्यांवर जे चढले ते तरले. बाकीच्यांपैकीं जे आज पाहावयास मिळतात ते, कोणी तरी प्रत जपून ठेवली व कोणास न विचारतां दुसऱ्यास दिली, म्हणून. व्यावसायिक संचाचेंहि तेंच. त्याचा कंपायलर व पुस्तकें आज हौशी लोकांच्या हातीं दिसतात तीं परवान्यानें आलेलीं नाहींत. आम्ही कायदा मानणारे गृहस्थ आहों आणि विद्यार्थ्यांसहि तेंच सांगत आलों. तरी दप्तरखान्यांत आयुष्य घालविलेल्या मनुष्यास हेंहि ठाऊक असतें कीं, पुष्कळ अस्सल कागद टिकले ते ज्यांनीं ते जवळ ठेवावयाचे नव्हते अशांच्या पेटाऱ्यांत. या दोन गोष्टींचा मेळ आम्हांस अद्याप घालतां आलेला नाहीं.

पुतण्यानें मात्र वाट सरळ धरली आहे. 'पीएसनूबएसडीके' नांवाची एक लायब्ररी हौशी प्रोग्रॅमरांनीं सोनीच्या सामग्रीस हात न लावतां मुळापासून लिहून सर्वांस खुली केली आहे. ती तो वापरतो. प्रथम तो संगणकांतल्या नकली प्लेस्टेशनवर, म्हणजे एम्युलेटरवर, खेळ चालवून पाहतो. मग खऱ्या यंत्राकडे वळतो. करड्या यंत्रास हौशी प्रोग्रॅम ऐकविण्याची मेमरी कार्डावाटे जाणारी एक युक्ति २०२१ सालीं प्रसिद्ध झाली. तीमुळें यंत्र न उघडतां व काळ्या पेटीवांचूनहि काम भागतें.

सुटी संपण्याच्या आदल्या रात्रीं त्रिकोण पडद्यावर फिरूं लागला. त्याखालीं आपलें नांव घालावें असें पुतण्याच्या मनांत आलें, व तें देवनागरींत घालावें असा आग्रह आमचा. पण लायब्ररीबरोबर येणारीं अक्षरें रोमन, प्रत्येक आठ ठिपके रुंद व आठ ठिपके उंच. तेव्हां चौकटींच्या वहीचें पान फाडून आम्ही दोघे अक्षरें आंखावयास बसलों. त्याचें नांव सहज बसलें. आडनांवांतला 'ळ' मात्र वरची रेघ धरून आठ चौकटींत कांहीं केल्या मावेना; शेवटीं त्यास सोळा दिल्या आणि पहांटे दोन वाजतां दिवा मालविला.